बीजींच्या ओढणीतला नारळ

अगं, ये इकडं. फोनवर दारात उभं राहून बोलल्यासारखी दोन वाक्यं बोलतेस आणि ठेवून देतेस, ते आधी बंद कर. तू मिरजेला आणि मी चंदीगडला, तरी हे वाचताना तरी जवळ बसल्यासारखी बस. परवा काय म्हणालीस? "मावशी, तुझी बाई मजा आहे. तळं काय, गुलाबाची बाग काय, लोक पैसे खर्चून बघायला येतात." तळं आहे, नाही कोण म्हणतं? पण तळ्याकाठी कुणाचा संसार होत नाही गं.

इथं दोन दिवस राहून गेलेल्याला हे गाव फार आवडतं. रुंद रस्ते, दोन्हीकडं झाडं. राहायला लागलं की कळतं. आपण घरी रोज थापतो ती ज्वारी इथं डाएटच्या दुकानात मिळते, चकचकीत पिशवीत, आणि भाव ऐकून दुकानदाराकडं बघतच राहावं. तो वर विचारतो, "शुगर है आंटीजी?" म्हटलं, शुगर नाही बाबा, सवय आहे. थंडीत मटार, गाजर मंडईत ढिगानं, स्वस्तात मिळतात, पण वाचवलेलं सगळं हीटरच्या बिलात जातं. आणि शेंडीचा नारळ! मिळतो, पण आत खवट निघाला की रडू येतं. म्हणून कुणी तिकडून येणारं असलं की मी साडी नको, नारळ आण म्हणते.

तरी निभत होतं, कारण घर होतं. तुझ्या काकांची नोकरी सरकारी, तोवर क्वार्टर होतं. ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी त्यांची उजवी बाजू गेली. तू म्हणतेस परत या. कुठं येऊ? तिकडचं घर औषधपाण्यात विकलं, तुला ठाऊक आहे. लेक मोहालीच्या कंपनीत, तिच्या पगारावर आणि यांच्या पेन्शनवर आम्ही तिघं. तेव्हा सेक्टरात एका घराच्या मागच्या दोन खोल्या मिळाल्या. तळमजला, पुढं एकच पायरी. फाटकातून बाहेर पडलं की समोर बाग. हे रोज सकाळी बागेच्या कठड्याला धरून चालायचे. आधी चार झाडांपर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत, आता पूर्ण फेरी. डॉक्टर म्हणाले, औषध दुय्यम, हे चालणं सोडू नका.

घरमालकीण पुढच्या भागात एकट्या राहतात. सगळी गल्ली त्यांना बीजी म्हणते, म्हणजे आई, मीही तेच म्हणते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, एकुलता मुलगा कॅनडात. मी पुरणपोळी नेऊन द्यायची, त्या मोहरीच्या पाल्याचं साग पाठवायच्या. यांना चालताना बघून ओरडायच्या, "भाईसाब, रेस लगा रहे हो?" आणि हे वाकड्या तोंडानं हसायचे. यांचं हसणं परत आलं ते त्यांच्यामुळं, असं मी मानते.

या चैत्रात एका दुपारी बीजी आल्या. खाटेच्या कडेवर टेकल्या. चहा दिला तर हातात धरून बसल्या, प्यायल्या नाहीत.

"भैणजी, मैं की करां. मुंडा नहीं मंनदा."

मुलगा ऐकत नाही म्हणे. इथं घर बीजींचं, पण भाडं ठरतं कॅनडात. त्यानं सांगितलं होतं, आजूबाजूला देतात तेवढं भाडं द्या, नाहीतर वैशाखीच्या सणानंतर खोल्या सोडा. नवं भाडं ऐकलं आणि मी मनातच हिशेब केला. यांचं पेन्शन त्यात गेलं असतं जवळजवळ सगळं. बीजींनी फोन लावून माझ्यापुढं धरला. पडद्यावर तो, कानटोपी घातलेला. "आंटीजी, माइंड मत करना, मार्केट रेट ही यही है." बोलायला गोड हो. रागवायलाही काही सापडेना.

फोन ठेवून बीजी उठल्या. तोंड एवढंसं झालेलं. आणि मी काय केलं सांगू? चैत्राचा शुक्रवार, घरी आलेली बाई डोळ्यांत पाणी घेऊन निघालेली. तशी कशी पाठवू? उठले, तांदूळ घेतले, घरात एकच नारळ होता शेंडीचा, तो घेतला, एक खण काढला. विधवेची ओटी भरतात का, असं तिकडं कुणी विचारलंही असतं. मी नाही विचार केला. म्हटलं, "बीजी, ओढणी पसरा." त्यांनी पसरली. मी ओटी भरली. त्यांनी नारळ कपाळाला लावला आणि अशा रडल्या, अशा रडल्या! मला वाटलं, पाघळल्या. आता मुलाला समजावतील.

लेक संध्याकाळी आली तर तिलाही हेच सांगितलं. ती म्हणाली, "आई, तू पण ना यार." पण तीही जरा हसली.

चार दिवसांनी बीजी मिठाईचा डबा घेऊन आल्या. मला गळामिठी मारली. "भैणजी, तुसी तां मेरी झोली भर दित्ती! मैंने बेटे को बता दिया, खुशी-खुशी जा रहे हैं, शगुन देकर. कोई गिला नहीं."

मी म्हटलं, "जा रहे हैं? कौन जा रहा है?"

मग उलगडलं. त्यांच्यात झोळीत नारळ घातला म्हणजे गोष्ट पक्की झाली. लग्न ठरलं, व्यवहार ठरला, मनात काही नाही, असा शगुन. आपल्याकडं माहेरी आलेल्या लेकीचीसुद्धा ओटी भरतात, परत येण्यासाठी भरतात, हे मी हिंदीत सांगत बसले. बीजी ऐकता ऐकता खाटेवर बसल्या.

"मैंने तो सोचा था उस रात लड़ूँगी," त्या म्हणाल्या. "कहना था, ये लोग नहीं जाएँगे, मैं अकेली मर जाऊँगी. फिर आपने झोली भर दी, तो मैं किस मुँह से लड़ती?"

तिथल्या तिथं त्यांनी मुलाला फोन लावला. तिकडं पहाट होती. तो झोपेतच म्हणाला, "बीजी, अब तो मैंने दूसरों को हाँ कर दी." फोन बंद झाला. मी म्हटलं, नारळ परत द्या, आपण ओटी भरलीच नाही असं समजू. त्या एकदम हसल्या, डोळे पुसत. "शगुन मोड़ीदा नहीं, भैणजी." आणि मलाही कुठं घेववला असता परत? भरलेली ओटी कुणी मागतं का?

नारळ नसता दिला तर राहिलो असतो का? लेक म्हणते, "नाही गं आई, तो ऐकणारा नव्हता." माझ्या समाधानासाठी म्हणते का खरंच, कळत नाही.

तिनं मोहालीच्या पुढं खरड नावाचं गाव आहे, तिथं फ्लॅट बघितला. भाडं झेपतं. खोल्या उलट मोठ्या आहेत, ऊन येतं. तिसरा मजला. तिनं मोबाईलवर फोटो दाखवले, हॉल, किचन, बाल्कनी. यांनी सगळे बघितले आणि सावकाश एकच शब्द विचारला, "लिफ्ट?"

लेक मोबाईल पुसायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून हे बागेत जायच्या आधी आपल्या दारातली ती एक पायरी चढतात, उतरतात. परत चढतात. घाम येतो, मी खुर्ची आणते तर हातानं बाजूला करतात. तिकडून बीजी बघतात, पण हल्ली रेसचं काही बोलत नाहीत. हात न धरता एक पायरी येते यांना आता. तीन मजले कसे येतील, हे मी विचारत नाही आणि तेही बोलत नाहीत. वर गेले की खाली कधी उतरतील, कोण उतरवील, देवाला ठाऊक.

तेव्हा बाई, तळं बघायला म्हणून नको, आमच्याकडं म्हणून ये, आणि या महिनाअखेरच्या आत ये. खरडलाही ये, तिथं तुला झोपायला जागा जास्त आहे. पण आधी इथं ये. काका तुला फाटकाबाहेर नेतील, बागेची पूर्ण फेरी मारून दाखवतील, त्यांना कुणाला तरी दाखवायची आहे. येताना दोन नारळ आण, शेंडीचे. ओटीला नकोत, चटणी करू. बीजींनाही बोलावू. लवकर ये गं.