कोंगलकुंट्याचा शेवटचा उंदीर

अफझलगंजच्या धान्यबाजारात त्रिवेणीबाई सोळुंक्यांना कुणी नावाने ओळखत नसे. सगळे त्यांना ‘चुहेवाली अम्मा’ म्हणत, आणि त्यात आदरच होता. जिच्या हातून रोज काहीतरी मरतं, तिच्याशी माणूस जरा जपूनच बोलतो.

भालकीकडून नवऱ्यामागे त्या हैदराबादला आल्या. नवरा एका गोदामात मुकादम होता. तो गेल्यावर मालकाने त्यांना रडायला चार दिवस दिले आणि पाचव्या दिवशी उंदरांचे पिंजरे दिले. काम सोपं होतं. भरलेला पिंजरा टाकीत बुडवायचा आणि शेजारी बसून चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत बुडबुडे थांबत. एखादा निसटलाच, तर त्याच्यासाठी सोटा असे. उंदरांशी त्यांचं वैर मात्र नव्हतं. खाटकाचं तरी बकऱ्याशी कुठे असतं?

एक पथ्य त्या कसोशीने पाळत. कुठलंही गोदाम पूर्ण साफ करायचं नाही. दोन-तीन जोड्या सोडायच्या, म्हणजे पाऊस सरला की मालक आपणच बोलावणं धाडतो. “पूरे मारले तर मी काय खाऊ? पोती?” असं त्या विचारत. या तत्त्वावर त्यांचं घर चाललं आणि बाजारातल्या उंदरांचंही.

मग एक दिवस कौस्तुभ त्यांना शोधत आला. मूळचा पुण्याचा, हायटेक सिटीत कॉम्प्युटरवर काम करणारा आणि सुट्टीच्या दिवशी पक्षी मोजणारा. शहराबाहेरच्या कोंगलकुंटा तलावातल्या बेटावर उंदीर झाले होते, आणि गावकरी तिथे परक्या माणसाला पाय ठेवू देत नव्हते. बेटावर दगडी गणपती होता. त्याची पूजा भामाआक्का करत आणि भामाआक्का त्रिवेणीबाईंच्या थोरल्या नणंद होत्या. पुण्याच्या माणसाने हे नातं हुडकून काढलं, यावरूनच त्याची चिकाटी दिसत होती.

बेटावर पोचल्यावर त्रिवेणीबाईंनी प्रथम सुरय पाहिले. पांढरे, काळ्या टोपीचे, पिवळ्या चोचीचे पक्षी उघड्या वाळूवर अंडी घालून बसले होते. एका आईच्या शेजारी तिचं पिल्लू पडलं होतं. एक उंदीर ते मागच्या बाजूने खात होता. पिल्लू जिवंत होतं आणि चोच उघडून ओरडत होतं. आई शेजारी बसून बघत होती.

“ही मारत का नाही त्याला?”

“तिला तो कळतच नाही, मावशी,” कौस्तुभ म्हणाला. “साप-मांजरं पोचू नयेत म्हणून तर हे बेटावर येतात. वरून घार आली तर तुटून पडतील. पायाशी येऊन कुणी खातं, हे यांच्या गावीच नाही. समुद्रातल्या कितीतरी बेटांवर असंच झालं. जहाजांतून उंदीर उतरले आणि पक्ष्यांच्या जातीच्या जाती बसल्या जागी संपल्या.”

“इथं कुठलं जहाज आलं?”

“एकाने हॉटेल काढलं होतं. तांदळाची पोती नावेतून यायची, अफझलगंजहून. हॉटेल बुडालं. बाकीचे राहिले.”

त्रिवेणीबाई पुढे झाल्या. त्यांनी टाच उंदरावर ठेवली आणि दाबली. मग पिल्लाकडे पाहिलं. कमरेखाली वाचवण्याजोगं काही उरलं नव्हतं. तीच टाच त्यांनी पिल्लावरही ठेवली. कौस्तुभ बाभळीच्या आडोशाला जाऊन ओकला.

“किती मारायचे?” तो परतल्यावर त्यांनी विचारलं.

“सगळे. एक गाभण मादी राहिली तरी पुन्हा तेवढेच होतात.”

सगळे! असलं काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

अडचण एकच होती. भामाआक्का रोज सकाळी पुट्टीतून, म्हणजे टोपलीसारख्या गोल नावेतून, गूळखोबरं घेऊन बेटावर जात. गुळाने पोट भरलेला उंदीर विषाला तोंड लावत नाही.

“देवाचं वाहन हाय ते,” भामाआक्का म्हणाल्या.

“वाहन एक पुरे की, आक्का. देवाला काय बसडेपो काढायचाय?”

“जीभ झडंल तुझी.”

“झडू द्या. पण निवेद बंद करा. पक्षी मरायलेत तिथं.”

खूप घासाघीस झाली. काम पुरं होईपर्यंत नैवेद्य बंद ठेवीन, अशी शपथ अखेर भामाआक्कांनी घंटेवर हात ठेवून घेतली.

थंडीत, बेटावर खायला काही नसताना, त्रिवेणीबाईंनी नळकांड्यांतून निळ्या वड्या मांडल्या. त्या विषाने रक्त गोठत नाही. उंदीर आतल्या आत फुटतो. नाकातून, हिरड्यांतून रक्त गाळत ते भर उन्हात बाहेर आले आणि एकमेकांना अडखळत फिरू लागले. जे मेलेल्यांना कुरतडत होते, ते दुसऱ्या दिवशी त्यांच्याच शेजारी पडले. घारींनी ती मढी खाऊ नयेत म्हणून त्रिवेणीबाई पोती भरभरून ती जाळत. धुराला भाजल्या मटणाचा वास येई. काठावरची कुत्री दिवसभर आशेने बसून राहत.

संक्रांतीनंतर बेट शांत झालं. शिमग्याच्या सुमारास सुरय आले, वाळूवर अंडी दिसू लागली. कौस्तुभ पेढे घेऊन आला. एवढ्या मर्तिकाचे पेढे त्रिवेणीबाईंनी पहिल्यांदाच खाल्ले.

पुढच्या आठवड्यात त्यांना एक अंडं सापडलं. कडेने कुरतडलेलं, आत कोरडं. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. वड्यांना मात्र दातसुद्धा लागला नव्हता. याचा अर्थ सरळ होता. कुणीतरी जेवून येत होतं.

त्या सकाळी त्रिवेणीबाई भामाआक्कांच्याच पुट्टीत बसून बेटावर गेल्या. आक्का गणपतीपुढे डोळे मिटून बसल्या. त्यांच्या लुगड्याच्या ओटीत काहीतरी हललं.

“आक्का, ओटी सोडा.”

“मी न्हाई देणार. गाभण हाय गं ती. एकलीच राह्यली. गाभणीला मारतीस?”

“गाभण हाय म्हणूनच.”

त्रिवेणीबाईंनी ओटीत हात घातला. भामाआक्कांनी पूजेची घंटा उचलून त्यांच्या कपाळावर हाणली. पुन्हा हाणली. रक्त डोळ्यांत उतरलं. उंदरिणीने अंगठ्याच्या बेचक्यात दात रोवले आणि ती तिथेच लटकून राहिली. एका परीने बरंच झालं, कारण आता ती सुटणार नव्हती. त्रिवेणीबाईंनी लटकत्या उंदरिणीसकट हात देवाच्या चौथऱ्यावर आपटला. हाड वाजलं, कुणाचं ते कळलं नाही. दुसऱ्या फटक्याला तिचं पोट फाटलं आणि गुलाबी, मिटल्या डोळ्यांची पिल्लं शेंदरावर सांडली. त्यांतली दोन वळवळत होती. त्रिवेणीबाईंनी चप्पल काढली.

या दंग्याने सुरय उठले. वरून सूर मारून ते दोघींच्या डोक्यांवर चोची मारू लागले. आपल्याला कोण वाचवतंय आणि कोण बुडवतंय, याची त्यांनी चौकशी केली नाही. दोघी पदर डोक्यावर घेऊन काठाकडे पळाल्या.

नाव एकच होती. त्रिवेणीबाईंचा हात सुजून मडक्याएवढा झाला होता, म्हणून वल्हं भामाआक्कांकडे आलं. मध्यावर, जिथे तलाव सगळ्यांत खोल आहे, तिथे त्या थांबल्या. पुट्टी जागच्या जागी सावकाश फिरू लागली.

“पवता येतं का गं तुला?”

“नाही.”

भामाआक्कांनी पाण्याकडे पाहिलं. मग नणंदेने भावजयीकडे पाहावं तसं, वरपासून खालपर्यंत, त्रिवेणीबाईंकडे पाहिलं.

“उद्यापासनं निवेद कुणाला दावू?”

“देवाला दावा.”

“देव कुठं खातोय,” भामाआक्का म्हणाल्या, आणि वल्हं पाण्यात घातलं.