न्यायला येणारा

घड्याळजींचा थोरला भाऊ बावीस वर्षं डोक्यातल्या आवाजांवरच्या गोळ्या घेत होता. आवाज थांबले, पण मग दादा दिवसदिवस भिंतीकडे बघत बसायचा. तो गेल्यावर घड्याळजींच्या मनात एकच घोळत राहिलं, ती गोळी घेतल्यावर दादाला आतून कसं वाटत असेल? हॉस्पिटलात अभ्यासासाठी निरोगी माणसांना तीच गोळी एकदा देऊन मेंदूचा स्कॅन काढतात हे कळल्यावर त्यांनी नाव दिलं.

फॉर्म वाचता वाचता सिस्टर हसली. "काका, घरी न्यायला कोण येणार, तिथं तुम्ही स्वतःचंच नाव घातलंय. नातं, भाऊ."

"सवयीनं हात गेला. दादाला न्यायला मीच यायचो."

"गोळीनं गुंगी येते, कुणीतरी लागतंच. शेजारीपाजारी?"

"शेजाऱ्यांना माझं नाव दारावरची पाटी वाचून कळतं."

"मग आज गोळी नाही देता येणार, काका."

घड्याळजींनी मान डोलावली. बाहेर येऊन ते, पूर्वी दादाची वाट बघत बसायचे त्याच जुन्या बाकावर टेकले. स्कॅनला दोन तास लागतात असं त्यांना सांगितलं होतं. बरोबर दोन तासांनी मनगटावरचं घड्याळ बघून ते उठले आणि स्वतःच स्वतःला घरी घेऊन गेले.