पहिला त्रास कधी?

लिफ्टदुरुस्तीत मेस्त्रींचा हात धरणारा कोणी नव्हता. सव्वीस वर्षं त्यांनी लोकांना सुखरूप वर-खाली पोचवलं आणि त्या नादात एक खोड अंगाला लावून घेतली. लिफ्ट कुरकुरते अशी तक्रार आली की ते शांतपणे वहीत वार आणि वेळ टिपायचे आणि सांगायचे, "चालू राहू द्या. वाढलं तर बघू." दहातल्या नऊ कुरकुरी आपोआप थांबतात, असं त्यांचं लाडकं मत होतं. दहावीबद्दल ते फारसं बोलत नसत.

रविवारी सकाळी बायको म्हणाली, डावा हात भरून आलाय, छातीवर दडपण वाटतंय. या शहाण्या माणसाने काय करावं? वहीत लिहिलं: "रविवार, सात दहा. डावा हात. लक्ष ठेवणे." चक्क बायकोला लिफ्टच्या रांगेत बसवलं! नातीला बघायला लेकीकडे जायचं होतं, म्हणून सोमवारी विमानाची तिकिटंही काढून टाकली. गुरुवारी बॅग भरता भरता बायको कोसळली. थोडक्यात वाचली. दवाखान्यात डॉक्टरांनी त्रास कधीपासून होता असं विचारलं तेव्हा मेस्त्री बोलून गेले, "अचानकच झालं हो." डॉक्टरांनी दाखल्यावर तेच लिहिलं. मेस्त्रींनी ते दुरुस्त करायला सांगितलं नाही.

बायको घरी आल्यावर लेकीचा फोन आला. तिलाही ऐकू यावं म्हणून मेस्त्रींनी तो स्पीकरवर ठेवला. रद्द केलेल्या तिकिटांचे पैसे प्रवासविम्यातून परत मागायचा अर्ज तीच भरत होती.

"दाखला मिळाला, बाबा. आता एकच रकाना राहिलाय. पहिला त्रास कधी जाणवला? आजार तिकीट काढल्यानंतरचा असेल तरच पैसे देतात. तेवढे आले की लगेच नवी तिकिटं काढते. बाळ बसायला लागलंय, लवकर या."

मेस्त्री उत्तर देणार तेवढ्यात पलंगावरून बायकोनेच सांगून टाकलं, "गुरुवारी गं. अगदी अचानक."

ती त्यांना पाठीशी घालत होती. त्यापेक्षा तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मेस्त्रींना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"रविवारी," ते म्हणाले. "मला सांगितलं होतं तिने."

"अहो, गप्प बसा ना!" बायको कुजबुजली.

"मग पैसे मिळायचे नाहीत, बाबा."

"नकोत."

पलीकडे लेकीने कागद बाजूला सारल्याचा आवाज आला. तिला पैशांची हळहळ वाटत असेल, अशी मेस्त्रींनी मनाची समजूत घातली.

"पैशांचं जाऊ द्या," ती म्हणाली. "आईने रविवारी सांगितल्यावर तुम्ही काय केलंत?"

मेस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

"तिकिटं काढली," ते म्हणाले.