थांबलेलं परत आलं तेव्हा

गाडी शिकवण्याच्या शाळेत तिला सगळे ब्रेकताई म्हणत. नवशिक्यांच्या शेजारी बसून आपल्या पायाखालचा जादा ब्रेक तिनं इतक्या वेळा दाबला होता, की घरी सोफ्यावर बातम्या बघतानाही तिचा पाय आपोआप खाली जायचा.

पाळी जाताना मात्र तिला सळो की पळो झालं होतं. भर थंडीत कानशिलं तापायची, पाठ घामानं भिजायची. ती गाडीच्या काचा खाली करायची आणि चाक धरलेला नवशिका कुडकुडत बसायचा. चौकात गाडी बंद पाडणाऱ्या एका गृहस्थाला तर तिनं असं फैलावर घेतलं, की त्यानं शाळाच बदलली. मग हळूहळू सगळं निवळलं. दोन वर्षं पाळीचं नाव नव्हतं. ‘सुटले बाई एकदाची,’ असं ती सगळ्यांना सांगायची.

आणि एका सकाळी कपड्यावर लालसर डाग दिसला.

ती आधी दचकली. मग आरशासमोर गेली तर आपल्याला हसू येतंय हे तिच्या लक्षात आलं. सुटले म्हणणारी ती, पण आत कुठेतरी काहीतरी गेल्याची चुटपुट होतीच, आणि ती तिला त्या क्षणी कळली. तिनं ठेवणीतला मोरपंखी कुर्ता काढला.

“आज काय विशेष?” नवऱ्यानं विचारलं. छापखान्यातून निवृत्त झाल्यापासून सकाळचा चहा तोच करायचा.

“काही नाही. वाटलं, घालावा.”

त्यांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर तिची नणंद राहायची. चष्म्याच्या दुकानात कामाला, बोलायला एक घाव दोन तुकडे. संध्याकाळी ब्रेकताईनं तिच्या कानात सांगितलं, “वन्सं, गंमत ऐका. माझी परत सुरू झाली. म्हातारपण दारातून माघारी गेलं म्हणायचं!”

नणंद हसली नाही. “वहिनी, वर्षभर बंद राहून परत रक्त दिसलं तर ती पाळी नसते. थेंबभर असलं तरी दाखवायचं असतं. उद्या जायचं.”

“उद्या माझे वर्ग आहेत.”

“वर्ग गेले खड्ड्यात.”

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड दिसत होतं. “बहुतेकदा कारण साधं निघतं,” त्या म्हणाल्या, “पण कधीकधी कॅन्सरची सुरुवात असते. म्हणून तुकडा तपासायचा. अंदाजावर सोडायचं नाही.” त्यांनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही, हे तिला आवडलं.

अहवाल येईपर्यंत तिनं वर्ग चुकवले नाहीत. चाकाशी बसलेल्या माणसाला “आरशात बघा, घाई करू नका,” म्हणताना आवाज नेहमीचाच होता. पण तो मोरपंखी कुर्ता दिसला की तिला स्वतःचीच चीड यायची. कशाचा आनंद झाला होता आपल्याला!

अहवाल चांगला आला. आत एक मांसल कोंब वाढला होता, निरुपद्रवी. दुर्बीण घालून तो काढला आणि संध्याकाळी घरी सोडलं. पुन्हा डाग दिसला तर लगेच यायचं, एवढं डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

घरी नवऱ्यानं पायांवर चादर टाकली आणि चहाचा कप हातात दिला.

“एक सांगू?” ती म्हणाली. “त्या दिवशी डाग बघून मला बरं वाटलं होतं. खुळ्यासारखं.”

तो तिच्या शेजारी टेकला. “मला दाढीत पहिले पांढरे केस दिसले, तेव्हा मी आठवडाभर आरशाकडे पाठ करून दाढी केली होती. दोनदा गाल कापला.”

“म्हणून ती चिकटपट्टी! आणि मला सांगितलंत, ब्लेड खराब आहे?”

“मग काय सांगणार होतो?”

ती हसायला लागली. पोटात कळ आली, तरी तिला थांबवेना.