मुलाखतीत मामा बोलला

शेवटच्या दिवशी पण माझा भाऊ बाळासो दुसऱ्याची पोरगी खपवायलाच गेलता. खुटबावला. सकाळी अंघोळ करून टोपी घातली, अत्तर लावलं, म्हणला, आक्के, येतो सांजच्याला. तिथं पोरीला बघायला माणसं आलीवती. पोहे खाल्ले. पोरगी पाटावर बसली. ह्यानं सुरू केलं, पोरगी म्हंजी गाय हाय, वर मान करून, आन् थांबला. लोकांना वाटलं शब्द हुडकतोय. आयुष्यात पयल्यांदा गप बसला म्हणून समदे नुसते बघत राहिले. त्या पोरीच्याच ध्यानात आलं. तिची मान खाली हुती ना, तिला ह्याचा हात दिसला, खुर्चीवरनं लोंबलेला.

राहूला, आमच्या गावाला, टेम्पोतनं आणला. दारात माणूस मावंना. जो तो म्हणतोय, राजा माणूस गेला. राजा. आमच्या आबांनी मेंढरं विकून जमीन घेतली, ह्या राजानं त्यात कवा पाय ठेवला न्हाई. काम एकच, तोंड. कुणाच्या पोरीला बघायला आले की ह्याला बोलावणं. आळशी पोरगी आसली तर म्हणायचा शांत हाय, भांडकुदळ आसली तर म्हणायचा घर सांभाळील.

माझा नवरा गेला तवा सासरच्यांनी मला आन् माझ्या साधनाला काढून दिलं. हाच आला न्यायला. तिथं बी सासऱ्याम्होरं बोलतच हुता, काय उपेग झाला न्हाई. पण पोरीला खांद्यावर घेऊन एसटीपतोर चालला, ती त्याच्या टोपीवर डोकं टेकून झोपली. तेवढं खरं हाय, ते मी खोडत न्हाई.

साधना शिकली. पुण्याला यम्ये केलं, मनाच्या शास्त्रात. त्याच्या पुढचं तिला करायचं हुतं, क्लिनिकल म्हणत्यात त्याला. ज्यांचं मन दुखतं त्यांच्यापाशी दवाखान्यात बसून त्यांना बरं करायचं. गावाला एवढंच कळलं, येड्यांची डाक्टर. पोपट म्हणून बाळासोचा जोडीदार हाय, टेलिफोनचा बूथ चालवतो. तो म्हणला, "अनसाक्का, येड्यांत राहून पोरगी येडी झाली तर करून घील का कुणी?" ह्याची स्वतःची बायको म्हायेरी जाऊन बसलीया, आन् हा इचारतोय.

दोन हजार तीन साली मुलाखतीचं बोलावणं आलं. जागा थोड्या, पोरं लई. बाळासो म्हणला मी येणार.

साधना म्हणली, "मामा, तिथं एकटीलाच आत घेत्यात."

"पोरगी एकटी दाखवत्यात व्हय कुठं?" म्हणला, आन् टोपी धुवून वाळत घातली.

पुण्यात त्या कॉलेजात आम्ही बाकड्यावर बसलो. साधनाचं नाव पुकारलं तसा हा तिच्या मागनं आत. शिपाई म्हणतोय ओ बाबा, ओ बाबा. ह्यानं खुर्ची ओढली आन् बसला. दार उघडंच हुतं, मला समदं दिसत हुतं. दोन साहेब आन् एक बाई.

बाई म्हणल्या, "आपण कोण?"

"मामा. पोरगी समोर हाय. इचारा काय इचारायचं ते."

साहेब म्हणले, "साधना, तुला हा कोर्स का करायचा आहे?"

तिनं तोंड उघडलं तवर हा, "लई आवड हाय तिला, सायेब. सैपाक, शिवण, समदं येतं."

दुसरा साहेब गालात हसला. म्हणला, "आणि पेशंट अंगावर ओरडला तर?"

"तर काय न्हाई. राग तिला ठावंच न्हाई. वर मान करून बोलली न्हाई कवा कुणाला. गाय हाय."

मनाचे तीन तीन मास्तर, आन् एका म्हाताऱ्याला बाहेर जा म्हणता येईना. म्हणायचंच नव्हतं. जत्रंत माकडाचा खेळ बघावा तसं बघत बसले, माकड काय करतंय आन् पोरगी काय करतीया. मग बाईंनी पेन खाली ठेवला. "साधना, मामा सांगतायत ते ऐकलं. तुला काय वाटतं?"

ती मामाकडं बघाया लागली. ह्याच मामाच्या शेजारी ती किती येळा पाटावर बसलीवती, दर येळी मान खाली घालून. आत्ता बी घातली. म्हणली, "मामा म्हणतात तसंच."

संपलं. "कळवतो," साहेब म्हणले.

कळवतो म्हणले की न्हाई असतं, हे बाळासोपेक्षा जास्त कुणाला ठावं. सारा जलम त्यानं तेच ऐकलं हुतं. एसटीत दौंड तालुका लागंपतोर बोलला न्हाई. मग म्हणला, "आक्के, चुकलं का गं माझं?"

"चुकलं," म्हणलं.

त्यानं खिडकीकडं तोंड केलं. आन् गावात उतरल्या उतरल्या पोपटला सांगितलं, जमल्यात जमा हाय, मी समजावलंय त्यांना.

जमलं न्हाईच. साधना म्हणली फुडल्या साली परत बसते. बाळासो म्हणला एकच बारी, मग मी बघीन ते स्थळ. वरीसभर ती कारेगावात राहून कंपनीतल्या माणसांच्या पोरांच्या शिकवण्या घेत हुती, रात्री अभ्यास. हा हिकडं पोरं बघत हुता.

आन् मुलाखत आली नेमकी त्याची राख सावडायच्या दिवशी. पोपट ओट्यावर बसलेला. म्हणला, "मामाची राख गार झाली न्हाई अजून, आन् पोरगी निघाली व्हय नटून?"

म्हणलं, "राख गार हुयाची वाट बघितली तर पोरगी गार हुईल. हो बाजूला." साधनाला म्हणलं, जा.

सांजच्याला आली. तांब्याभर पाणी प्याली. म्हणली, "त्याच बाई हुत्या. म्हणल्या, या वेळी मामा नाहीत? म्हणलं, परवा गेले. त्या म्हणल्या, मग आपण पुढची तारीख घेऊ. म्हणलं न्हाई, आजच इचारा."

"मग?"

"म्हणल्या, मामांचा राग येतो का? म्हणलं येतो. मी लई बोलले आई. मामांनी मला खांद्यावर कसं आणलं ते बी बोलले. रडले पण."

परत खेळच बघितला म्हणा त्यांनी. "आन् काय म्हणले?"

"कळवतो."

मी तांब्या उचलून आत ठेवला.

तेराव्याला घरच्यांची पंगत बसलीवती. साधना आमटी वाढत हुती. पोपट बूथवरनं पळत आला, पुण्यास्नं फोन आलता, पोरगी घेतली म्हणत्यात. पंगतीत कुणी घास खाली ठेवला. पोपट पानावर बसला आन् समद्यांना ऐकू जाईल असं म्हणला, "गेल्या साली बाळासोनं शब्द टाकून ठेवलावता. माणूस गेला, पण शब्द कामी आला."

समद्यांनी माना हलवल्या. व्हय व्हय, राजा माणूस.

साधना त्याच्या पानाम्होरं उभी राहिली. मान वर. म्हणली, "न्हाई, पोपटमामा. मामांच्या बोलण्यानं माझं एक वरीस गेलं. ह्या साली मी बोलले."

पोपटचा हात भातावरच राहिला. साधनानं पळी बुडवली आन् त्याच्या पानात आमटी वाढली.