परत म्हणा

आमची ताई औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, आणि तिच्या हातून औषध सुटणं सोपं नाही. ती पिशवी पुढे करते, पण सोडत नाही. एक टोक गिऱ्हाइकाच्या हातात, दुसरं तिच्या. "कधी घ्यायची? तुम्ही सांगा." उत्तर बरोबर आलं की पिशवी सुटते. चुकलं की, "परत म्हणा." मागची रांग उसासे टाकते, मालक गल्ल्यावर बसून कपाळाला हात लावतात. मला साधी कोथिंबीर आणायला सांगितली तरी ती वदवून घेते.

एवढा जीव टाकते म्हणजे नोकरीवर खूश असेल? छे. रोज संध्याकाळी सुजलेले पाय बादलीत सोडून ती आमच्यासमोर राजीनामा द्यायची. आम्ही हसायचो. मग खरंच एका कंपनीच्या औषधांच्या गोदामात खुर्चीवरचं काम मिळालं आणि ती गेली. समोर खोकी आणि कॉम्प्युटर, बोलायला कुणी नाही. "सुखात आहे बाबा आता," असं ती कुणी न विचारता सांगू लागली. पायांची सूज उतरली, तोंडही उतरलं. मला काळजी वाटायला लागली, कारण ती मला काहीच परत म्हणायला लावेना.

एका रविवारी दारात ड्रायव्हरकाका उभे. जन्मभर बस चालवलेला माणूस. बायको गेल्यापासून पलीकडच्या गल्लीत एकटेच राहतात. दुकानातलं ताईचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. हातात औषधांची पिशवी.

"नवे फार्मासिस्ट झटकन देऊन टाकतात," ते म्हणाले. "ऐकूनच घेत नाहीत. म्हटलं, तुम्हालाच म्हणून दाखवावं. पिवळी सकाळी उपाशीपोटी, पांढरी रात्री जेवल्यावर."

ताई ताडकन उठली. "उलटं घेताय तुम्ही? कधीपासून?" आणि तिने त्यांना दारातच फैलावर घेतलं. काका मान खाली घालून ऐकत होते, पण मला त्यांच्या मिशीतलं हसू दिसलं.

ती दम घ्यायला थांबली तेव्हा ते हळूच म्हणाले, "घेतो बरोबरच, मॅडम. मुद्दाम उलटं म्हणालो. बरोबर म्हटलं असतं तर तुम्ही 'छान' म्हणून दार लावलं असतं."

संध्याकाळी ताईने मालकांना फोन केला. परत येते, पण काउंटरमागे उंच स्टूल हवं. मालक कपाळाला हात लावूनच हो म्हणाले असणार.

परवा मी दुकानात गेलो, तर काका पिशवीचं टोक धरून उभे. पांढरी, पिवळी, सगळं बिनचूक म्हणाले. ताई ऐटीत स्टुलावर बसली होती, पण पिशवी काही सुटेना.

"परत म्हणा."

"का? बरोबर म्हणालो ना?"

"हो. पण इतके दिवस ऐकलं नव्हतं."