त्याने दिलेल्या दोन सह्या

आज इथे आखातात, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या घरात वेलदोडा घातलेली अरबी कॉफी उकळली आणि मला मरीनातल्या हॉटेलची ती दुपार आठवली. मी तिथे रिसेप्शनला नवीन होते. जगभर गाजलेला एक इजिप्शियन नट उतरला होता. बाबांनी तरुणपणी त्याच्यासारखी मिशी ठेवली होती, म्हणून मी सहीसाठी त्याचे फोटो घेऊनच गेले.

"कुणासाठी?" त्याने विचारलं.

"बाबांसाठी. अरविंद."

त्याने सही केली, कॉफीचा घोट घेतला, गोड हसला आणि दुसरा फोटो ओढून म्हणाला, "कुणासाठी?"

मी पुन्हा नाव सांगितलं. त्याने पुन्हा सही केली. तिसऱ्या फोटोकडे हात जाताच त्याचा सेक्रेटरी हळूच म्हणाला, "खलास, हबीबी," आणि पेन काढून घेतलं.

काय दिलदार माणूस, असं मला तेव्हा वाटलं. दोन सह्या मी आमच्या तेव्हाच्या वस्तीत, सगळ्या करामाभर मिरवल्या!

दोन्ही फोटो बाबांच्या खोलीत आहेत. मघाशी कॉफी पिताना त्यांनी विचारलं, "मिशी झकास आहे. कोण गं हा?"

मी सांगितलं. बाबांनी घोट घेतला, गोड हसले आणि पुन्हा फोटोकडे वळले. त्यांनी पुन्हा तेच विचारायला तोंड उघडायच्या आत मी त्यांच्या हातातला कप काढून घेतला.